चौघांचे चाळीस: कॉलेजच्या भयपटाचा ट्रेलर कसा शूट आणि एडिट करायचा

कॉलेजच्या भयपटांचे बहुतेक ट्रेलर एकाच ठिकाणी आपटतात: ते भूत दाखवायला जातात. पांढरी साडी, मोकळे केस, डोळ्यांखाली काजळ आणि समोर मोबाईल. टॉर्चच्या उजेडात पांढरं कापड भगभगतं, विगची कड दिसते आणि हॉलमधल्या मागच्या रांगेतून कुणीतरी त्या भुताला नावानं हाक मारतं. तिथं भीती संपते आणि गॅदरिंग सुरू होतं.

त्यामुळे भूत निवडताना असं निवडा, ज्याला कॅमेऱ्यापुढे यावंच लागत नाही. हडळ, मुंजा, वेताळ, खवीस, झोटिंग, कोकण-गोव्याकडचा देवचार, अशी आपल्याकडे कमतरता नाही. पण मोबाईल, चार मित्र आणि दोन रात्री एवढंच भांडवल असेल तर चकव्यासारखं दुसरं भूत नाही. चकव्याला चेहरा नाही, कपडे नाहीत, मेकअप नाही. माणूस चालत राहतो आणि फिरून त्याच जागी येतो, एवढंच. म्हणजे लोकेशन एकच लागतं, आणि भूत तयार होतं ते एडिटिंगच्या टेबलावर.

खालची सगळी माहिती एकाच काल्पनिक ट्रेलरला धरून दिली आहे. तुमची गोष्ट वेगळी असली तरी आकडे आणि युक्त्या त्याच राहतील.

गोष्ट आणि सेकंदांचा हिशेब

तिघे मित्र जत्रेहून परतताना बाईक बंद पडते. ढकलत ढकलत ते एका चहाच्या टपरीवर येतात. टपरीवरची मावशी म्हणते, "परत? आत्ताच तर पिऊन गेलात." ते हसून पुढे निघतात. रस्त्याकडेचा किलोमीटरचा दगड येतो. थोड्या वेळानं तोच दगड पुन्हा येतो. आणि पुन्हा.

ट्रेलर ७५ सेकंदांचा ठेवा. दोन मिनिटांचा ट्रेलर भरायला दोन मिनिटांचा माल लागतो, आणि विद्यार्थ्यांकडे तो क्वचितच असतो.

० ते ४ सेकंद: काळा पडदा. रातकिडे आणि किक मारूनही न घेणारं इंजिन.
४ ते १८: तिघांची थट्टामस्करी, टपरी, मावशीचं वाक्य.
१८ ते ४०: दगड तीन वेळा. दर वेळी एकच गोष्ट बदललेली.
४० ते ५८: लक्षात येतं. मोबाईलवर तीच वेळ, रस्त्यावर सावल्या.
५८ ते ६६: झपाट्याचे तुकडे.
६६ ते ६९: काळं. पूर्ण शांतता.
६९ ते ७२: नाव.
७२ ते ७५: टपरी. मावशी पेले उचलत म्हणते, "चौघांचे चाळीस झाले." तिघांपैकी कुणी तोंड उघडायच्या आत कट.

हे शेवटचं वाक्यच ट्रेलरचा खरा दचका. मावशीनं ते अगदी साध्या, कंटाळलेल्या आवाजात म्हणायला हवं. डोळे मोठे करून म्हटलं की गेलं. या भूमिकेला कॉलेजची मुलगी केस पांढरे करून घेऊ नका. कुणाची तरी खरी आई, मावशी, नाहीतर गावच्या नाटकातली अनुभवी बाई शोधा, आणि तिला तिच्याच बोलीत बोलू द्या.

आता शॉट मोजा. पहिल्या ३० सेकंदांत सरासरी ३ सेकंदांचा एक शॉट धरला तर १० शॉट. पुढच्या २५ सेकंदांत दीड सेकंदाचा एक, म्हणजे १७ च्या आसपास. झपाट्याच्या ८ सेकंदांत, सेकंदाला २५ फ्रेम (चित्रं) धरून, सरासरी १० फ्रेमचा एक, म्हणजे २०. एकूण ४७. त्यातले बरेचसे आधीच्याच शॉटचे तुकडे असतात, त्यामुळे प्रत्यक्षात सुमारे ३० वेळा कॅमेरा नव्यानं लावावा लागतो. रात्री एका मांडणीला १५ मिनिटं धरा. साडेसात तास होतात, म्हणून दोन रात्री. एका रात्रीत उरकू म्हणणारे पहाटे तीन वाजता सगळ्यात महत्त्वाचा शॉट घाईत मारतात.

जागा

वर्दळ नसलेला गावाकडचा रस्ता हवा, पण गाव हाकेच्या अंतरावर हवं. कॉलेजच्या लेटरहेडवर अर्ज करून ग्रामपंचायतीला आणि जवळच्या पोलीस ठाण्याला आधी कळवा. रात्री अनोळखी पोरं टॉर्च फिरवताना दिसली की चोर समजून अख्खा गाव गोळा होतो, आणि तेव्हा तुमचं स्क्रिप्ट कुणी वाचत बसत नाही. किल्ले आणि संरक्षित वास्तू डोक्यातून काढून टाका; तिथली परवानगी हे वेगळंच प्रकरण आहे. जुन्नर, आंबेगाव, शिरूर या पट्ट्यात रात्री उसाच्या कडेला शूटिंग करू नये. तिथं बिबट्या गोष्टीतला नाही, खरा आहे. पावसाळ्यात आणि त्यानंतरच्या महिन्यांत सापांसाठी प्रत्येकाच्या पायात बूट आणि हातात टॉर्च हवा. चप्पल फक्त कॅमेरा चालू असताना.

अनोळखी वाटसरूला घाबरवून त्याचा चेहरा टिपण्याची कल्पना टीममधल्या कुणाला तरी सुचतेच. तिला तिथंच नकार द्या.

बाईक चालवतानाचा एकही शॉट ठेवू नका. तिघांनी एका गाडीवर बसणं बेकायदा, रात्री चालत्या गाडीवरून शूट करणं धोक्याचं, आणि गोष्टीला त्याची गरजही नाही. एक बारकावा मात्र सांभाळा. एप्रिल २०१७ नंतरच्या दुचाकींना हेडलाइटचं बटणच नसतं, आणि बहुतेक गाड्यांवर दिवा इंजिन सुरू झाल्यावरच लागतो. बंद पडलेल्या नव्या गाडीचा हेडलाइट झगझगीत दाखवलात तर बाईकवाले प्रेक्षक हसतील. पात्रांच्या हातात मोबाईलचा टॉर्च द्या.

किलोमीटरचा दगड

खरा दगड रंगवू नका, हलवू नका. थर्माकोलचा करा. दोन इंची शीटचे थर फेविकॉलनं चिकटवा, रात्रभर वजनाखाली ठेवा आणि हॅक्सॉच्या पात्यानं वरची कमान कापा. रंग डिस्टेंपर किंवा पोस्टर कलर. ऑइल पेंट किंवा स्प्रे मारला की त्यातल्या द्रावकानं थर्माकोल विरघळून खड्डे पडतात, आणि हे नेमकं शूटिंगच्या आदल्या रात्री कळतं. वरच्या टोपीचा रंग नीट निवडा: राष्ट्रीय महामार्गावर पिवळा, राज्य महामार्गावर हिरवा, ग्रामीण रस्त्यावर केशरी. गावच्या वाटेवर पिवळ्या टोपीचा दगड विचित्र दिसतो. तळाला मातीचा हात फिरवा आणि मागून दोन विटा टेकवा, नाहीतर वाऱ्याच्या पहिल्या झोताबरोबर दगड उडून जाईल.

तीच फ्रेम तीन वेळा

ट्रेलरचा कणा हा आहे. तिन्ही फेऱ्यांमध्ये फ्रेम इतकी सारखी हवी की कट झाल्यावर दगड पडद्यावर जागचा हलता कामा नये. ट्रायपॉडच्या तिन्ही पायांभोवती चुन्यानं खुणा करा. मोबाईलची जमिनीपासूनची उंची टेपनं मोजून लिहून ठेवा. गुडघ्याच्या उंचीवरून, म्हणजे सुमारे ५० सेंटिमीटरवरून, दगड सगळ्यात जास्त त्रास देतो. पहिल्या फेरीच्या फ्रेमचा फोटो दुसऱ्या मोबाईलवर ठेवा आणि पुढच्या प्रत्येक फेरीआधी शेजारी धरून ताडून पाहा.

प्रत्येक फेरीत एकच बदल. पहिल्या फेरीत नुसता दगड. दुसऱ्या फेरीत दगडापाशी एक चप्पल. तिसऱ्या फेरीत जोड पूर्ण, आणि ती चप्पल तिघांपैकी एकाच्या पायातली. यासाठी सारख्या चपलांचे दोन जोड लागतात, ते आधी घ्या. ही चप्पल ट्रेलरच्या सुरुवातीला किमान एकदा स्पष्ट दिसली पाहिजे, नाहीतर तिसऱ्या फेरीचा अर्थच लागत नाही. पट्ट्याचा रंग लाल किंवा निळा ठळक घ्या. काळी चप्पल रात्री दिसत नाही.

इथं हमखास होणारी चूक म्हणजे नकळत झालेला दुसरा बदल. गवत तुडवलं जातं, कुणीतरी पाण्याची बाटली विसरतो, दिवा दोन फूट सरकतो. नेहमीच्या सिनेमात प्रेक्षक अशा गोष्टी सोडून देतो. चकव्यात तो फरकच शोधत असतो, त्यामुळे विसरलेली बाटलीही त्याला खूण वाटते. दगडाच्या पुढची पाच फूट जागा दोरीनं अडवा आणि तिथं कुणालाही फिरकू देऊ नका.

तिन्ही फेऱ्या सलग, एकाच तासात, पूर्ण अंधारात आणि आपल्याच दिव्यावर घ्या. संध्याकाळचा निळा उजेड सुंदर दिसतो खरा, पण तो दर पाच मिनिटांनी बदलतो. तो सुरुवातीच्या जत्रेच्या शॉटसाठी वापरा.

कॅमेरा

भारतात वीज ५० हर्ट्झची आहे. त्यामुळे ट्यूबलाइट आणि स्वस्त एलईडी सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. डोळ्याला ते कळत नाही, पण मोबाईल सेकंदाला ३० फ्रेम आणि १/६० शटरवर (प्रत्येक फ्रेमला सेकंदाचा साठावा भाग उजेड) असेल तर चित्रावर आडवे पट्टे सरकताना दिसतात. एडिटिंगमध्ये ते काढणं जवळजवळ अशक्य. उपाय फुकट आहे: २५ फ्रेम आणि १/५० शटर. मोबाईलमध्ये २५ चा पर्याय नसेल तर ३० वर ठेवा, पण शटर १/५० किंवा १/१००च. त्यासाठी हाती सेटिंग देणारं ॲप लागतं. अँड्रॉइडवर ओपन कॅमेरा, तर आयफोन आणि काही निवडक अँड्रॉइड फोनवर ब्लॅकमॅजिक कॅमेरा, दोन्ही मोफत आहेत. काहीही निवडा, पण सगळे शॉट एकाच फ्रेमरेटला घ्या.

बाकीची सेटिंग्ज अशी. मुख्य लेन्सच वापरा. वाइड आणि टेलिफोटोचे सेन्सर सहसा लहान असतात आणि अंधारात चित्र दाणेदार होतं. आयएसओ (सेन्सरची उजेडाबद्दलची संवेदनशीलता) ८०० च्या वर नको. फोकस आणि एक्सपोजर लॉक. एचडीआर बंद, नाहीतर एडिटिंगमध्ये रंग फिकट किंवा विचित्र येतात. ट्रायपॉडवर असताना स्टॅबिलायझेशन बंद. आणि प्रत्येक शॉटआधी लेन्स स्वच्छ कापडानं पुसा. खिशातल्या मोबाईलच्या लेन्सवर बोटांचं तेल असतं आणि टॉर्च समोर आला की त्याच्या रेघा चित्रभर पसरतात.

व्हाइट बॅलन्स, म्हणजे कॅमेरा पांढरा कशाला धरतो ते सेटिंग, ऑटोवर कधीही ठेवू नका. फ्रेममध्ये टॉर्च शिरला की शॉटच्या मध्येच रंग पालटतो. ३८०० ते ४००० केल्विनवर लॉक करा. टपरीचा पिवळा बल्ब मग थोडा पिवळाच राहतो, आणि पांढरा एलईडी निळसर दिसतो. म्हणजे साधा इमर्जन्सी लाइट आपोआप चांदणं होतो. निळ्या जिलेटिन पेपरची गरजच पडत नाही.

फोन एअरप्लेन मोडवर. जागेचा हिशेब: १०८०पी ला मिनिटाला सुमारे १३० एमबी. ३० मांडण्या, प्रत्येकी चार टेक, प्रत्येकी २० सेकंद, म्हणजे ४० मिनिटं आणि साधारण ५ जीबी. फोरकेमध्ये हेच १४ जीबीपर्यंत जातं आणि जुना लॅपटॉप रडकुंडीला येतो. १०८०पी पुरेसं आहे.

उजेड, आणि चौथी सावली

रात्र दाखवायची म्हणून अंधारात शूट करायचं नसतं. मोबाईलला अंधार दिला की तो दाणे देतो. गरजेपेक्षा थोडं उजळ शूट करा आणि एडिटिंगमध्ये खाली आणा. उलटा प्रवास होत नाही.

चांदणं नेहमी मागून. दिवा पात्रांच्या मागे, उंचावर आणि जमेल तितका दूर ठेवा. अंतर दुप्पट केलं की उजेड चौपट कमी होतो, त्यामुळे जवळ ठेवलेल्या दिव्याखाली पात्र एक पाऊल सरकलं तरी चेहरा भगभगतो किंवा बुडतो. दूरचा दिवा समान पडतो. पुढून फक्त थर्माकोलच्या शीटवरून परतवलेला थोडा उजेड, तोही चेहऱ्याच्या एकाच बाजूला. डांबरी रस्ता कॅमेरा लावायच्या आधी चार-पाच बादल्या पाणी मारून ओला करा. कोरडं डांबर रात्री नुसता काळा डाग दिसतं. ओल्या डांबरावर मागचा दिवा चकाकतो आणि रस्ता उठून येतो. एवढ्या एका गोष्टीनं चित्र महागडं दिसू लागतं.

आता सावली. तिघे थबकतात, रस्त्यावर तीन लांब सावल्या, आणि कडेनं चौथी सरकत येते. यात ग्राफिक्स काही नाही, फक्त भूमिती आहे.

दिवा एकच हवा आणि उघडा हवा. समोर बटर पेपर लावला तर सावलीच्या कडा विरघळतात. दुसरा दिवा कुठंही चालू राहिला, अगदी टपरीचा बल्ब किंवा कुणाच्या हातातला मोबाईलसुद्धा, तर प्रत्येकाच्या दोन सावल्या पडतात आणि हिशेब चुकतो. दिवा ८ फुटांवर टांगा, साडेपाच फुटांचं पात्र त्यापासून १५ फूट पुढे उभं करा. सावली ३३ फूट पडते. एवढी लांबी फ्रेममध्ये मावत नसेल तर दिवा १० फुटांवर न्या, सावली १८ फुटांवर येते. दिवा डोक्याच्या उंचीला आला की सावलीला टोकच राहत नाही आणि तिथं माणूस आहे हेच कळत नाही.

कॅमेरा तिघांच्या समोर, पण उंचावर: स्टुलावर किंवा कुंपणाच्या भिंतीवर, ७ फुटांच्या आसपास, खाली झुकवलेला. फ्रेमच्या वरच्या कडेला तिघांची पावलं, बाकी सगळा रस्ता आणि सावल्या. चौथा माणूस त्यांच्या दोन पावलं मागे, म्हणजे फ्रेमबाहेर, कडेनं आत येतो. त्याची सावली तिघांच्या सावल्यांपेक्षा आखूड आणि थोडी रुंद पडते. ते चालतं, वेगळी दिसते म्हणूनच ती त्यांची वाटत नाही. दिवा कॅमेऱ्याच्या दिशेनं असल्यानं लेन्सच्या वर काळ्या चार्ट पेपरची झालर धरा. तीन सावल्या किमान दोन सेकंद स्थिर दिसू द्या. प्रेक्षकानं त्या मनातल्या मनात मोजल्या पाहिजेत. चौथ्याला घाईनं आत आणलं की मोजणीच होत नाही, आणि मग चौथीचं काही वाटत नाही.

धूर करायचा असेल तर लोखंडी घमेल्यात नारळाच्या शेंड्या आणि थोडं धूप. वारा असेल तर नाद सोडा. धुरावर उजेड मागून पडला तरच तो दिसतो. पुढून पडला की चित्र नुसतं राखाडी होतं. पाण्याची भरलेली बादली शेजारी हवी, आणि वाळलेल्या गवताच्या मोसमात धूर नकोच. टीममध्ये दमा असलेलं कुणी आहे का, हे आधी विचारा.

मोबाईलवर तीच वेळ दिसण्याचा शॉट: स्क्रीनचा ब्राइटनेस खाली आणा, नाहीतर आकडे पांढऱ्या ठिपक्यात विरतात. खरं घड्याळ दाखवायच्या भानगडीत पडू नका. ११:४७ दाखवणारा स्क्रीनशॉट काढून तोच पूर्ण स्क्रीनभर उघडा.

आवाज

वेळ कमी पडला तर चित्रातून कापा, आवाजातून कापू नका. खराब चित्र प्रेक्षक भयपटाचा भाग म्हणून खपवून घेतो. खराब आवाज त्याला लगेच आठवण करून देतो की ही पोरांची फिल्म आहे.

संवादासाठी साधा वायरवाला कॉलर माइक दुसऱ्या मोबाईलला लावून पात्राच्या खिशात ठेवा. माइक हनुवटीखाली एक वीत, वर फोमची टोपी. दोन्ही रेकॉर्डिंग चालू झाल्यावर फ्रेममध्ये एक टाळी. एडिटिंगमध्ये दोन्ही जुळवायला तीच उपयोगी. रस्त्यावर सगळ्यांना गप्प करून दोन मिनिटं नुसते रातकिडे रेकॉर्ड करा. हे रेकॉर्डिंग सगळ्या कटांखाली सलग अंथरलं की तुकडे जोडलेले वाटत नाहीत. शिवाय चकव्याचं मुख्य हत्यार तेच आहे: दगड दुसऱ्यांदा दिसतो त्या फ्रेमला रातकिडे पूर्ण बंद करा. नवा आवाज घालण्यापेक्षा चालू आवाज काढून घेणं जास्त बोचतं.

बाकीचे आवाज घरी होतात. परातीत मुरूम पसरून चपलेनं दाबलं की पावलं. कडकड मोडणारं काही हवं असेल तर शेवग्याची शेंग माइकजवळ पिळून मोडा. पितळी ताटाच्या कडेवर ओला लाकडी चमचा घासला तर अंगावर काटा येतो. झोपाळ्याच्या कड्यांची कुरकुर उलटी वाजवून पाहा. खालच्या पट्टीतली गुरगुर करण्यासाठी पंखा किंवा मिक्सर रेकॉर्ड करून वेग २५ टक्क्यांवर आणा. आवाज दोन सप्तकं खाली जातो. पण मोबाईलचा स्पीकर खालचे आवाज जवळजवळ वाजवतच नाही, आणि निम्म्याहून जास्त लोक ट्रेलर मोबाईलवर पाहणार. म्हणून त्याच रेकॉर्डिंगची ५० टक्के वेगाची दुसरी प्रत वर हलकी मिसळा. घुंगरू, लहान मुलीचं हसणं आणि कुत्र्याचं रडणं यंदा तरी राहू द्या.

या ट्रेलरचा ठेका मात्र ठरलेला आहे: पेल्यात चमचा ढवळण्याचा टिण् टिण्. तो पहिल्या टपरीत सहज ऐकू येतो, दगडाच्या दुसऱ्या फेरीत दुरून येतो, आणि झपाट्याच्या तुकड्यांत कटांची गती तोच ठरवतो. डझनभर वेगवेगळे टिण् रेकॉर्ड करा. एकच तुकडा परत परत चिकटवला की यंत्र वाटतं.

संगीत वापरायचंच असेल तर यूट्यूबच्या ऑडिओ लायब्ररीतून घ्या किंवा परवाना वाचून घ्या. 'रॉयल्टी फ्री' म्हणजे फुकट असं नाही. सिनेमातलं पार्श्वसंगीत उचललं की चढवल्या चढवल्या दावा येतो.

एडिटिंग

शूटिंगच्या रात्रीच फुटेजच्या दोन प्रती दोन वेगळ्या ठिकाणी. मग मोबाईलमधून पुसा.

दा विंची रिझॉल्व्हची मोफत आवृत्ती या कामाला पुरते, पण १६ जीबी रॅम असेल तर सुखानं चालते. ८ जीबीच्या लॅपटॉपवर केडेनलाइव्ह किंवा शॉटकट ही एडिटिंगची मोफत सॉफ्टवेअर बरी. रिझॉल्व्हमध्ये काहीही आत घेण्याआधी प्रोजेक्टचा फ्रेमरेट २५ करा. फुटेज टाइमलाइनवर आलं की तो आकडा कुलूपबंद होतो. आणखी एक सापळा: मोबाईल बऱ्याचदा फ्रेमरेट थोडा कमी-जास्त करत रेकॉर्ड करतो, त्यामुळे लांब शॉटमध्ये ओठ आणि आवाज हळूहळू सुटत जातात. तसं दिसलं तर हँडब्रेक या व्हिडिओ बदलणाऱ्या मोफत सॉफ्टवेअरमधून फाइल स्थिर फ्रेमरेटवर काढून मगच वापरा. शूटिंग ३० ला झालं असेल तर टाइमलाइनही ३० चीच ठेवा.

आधी फक्त आवाज लावा. चित्र न बघता ७५ सेकंद ऐका. अंधारात डोळे मिटूनही गोष्ट कळत असेल आणि शेवटच्या वाक्याला हसू किंवा शहारा येत असेल तर पाया पक्का. मग त्यावर चित्र बसवा.

दगडाचा कट असा: तिघे फ्रेमबाहेर जातात, रिकाम्या रस्त्यावर १२ फ्रेम थांबा, मग थेट कट करून तिघे पुन्हा त्याच फ्रेममध्ये दुसऱ्या कडेनं आत येताना. डिझॉल्व्ह (एक चित्र दुसऱ्यात हळूहळू विरघळणं) घालू नका. डिझॉल्व्हनं वेळ गेला असं वाटतं. सरळ कटानं प्रेक्षकाचाही चकवा होतो. दुसरी फेरी पहिलीपेक्षा आखूड आणि तिसरी त्याहून आखूड ठेवा, ९, ७ आणि ६ सेकंद.

झपाट्याचे तुकडे १२ फ्रेमपासून सुरू करून ८ वर आणि शेवटी ६ वर न्या. ६ पेक्षा कमी फ्रेममध्ये प्रेक्षकाला काही नीट ओळखणं अवघड जातं. आधी न दिसलेलं फारसं काही इथं घालू नका. ओळखीचेच तुकडे उलट्या क्रमानं टाकले की गोंधळ वाढतो. शेवटच्या तुकड्यानंतरची तीन सेकंदांची शांतता खरोखर शून्य हवी, रातकिडेही नाहीत. दचकवणारा मोठा आवाज अख्ख्या ट्रेलरमध्ये एकदाच, चौथ्या सावलीला नव्हे तर झपाट्याच्या शेवटी. आवाज आणि चित्र एकाच फ्रेमवर. आवाज दोन फ्रेम आधी आला तर माणूस दचकून जातो आणि चित्र वाया.

रंग: सगळं निळं करण्याचा मोह आवरा. सॅच्युरेशन (रंगांचा भडकपणा) १५ ते २० टक्के खाली, सावल्या थोड्या खाली, टपरीचा पिवळेपणा तसाच. प्रेक्षकाला टपरी उबदार वाटली पाहिजे, कारण धोका तिथंच आहे. दाणे कमी करण्याची रिझॉल्व्हची सोय मोफत आवृत्तीत लावली की चित्रावर वॉटरमार्क येतो. म्हणून वर उजेडाबद्दल एवढं सांगितलं.

नाव देवनागरीत लिहिताना काही सॉफ्टवेअरमध्ये वेलांटी चुकीच्या बाजूला जाते आणि जोडाक्षरं फुटतात. 'चकवा' सुटतो, पण खाली 'निर्मिती' किंवा 'दिग्दर्शन' लिहिलं की तारांबळ. इंकस्केप या चित्रं काढायच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये अक्षरं करून पारदर्शक पीएनजी काढा आणि ती टाइमलाइनवर ठेवा. 'मुक्त' (Mukta) किंवा 'तिरो देवनागरी मराठी' (Tiro Devanagari Marathi) हे फाँट गूगल फाँट्सवर मोफत मिळतात. ठिबकणाऱ्या रक्ताची अक्षरं नकोत. फार बारीक रेघाही नकोत, त्या कॉम्प्रेशनमध्ये तुटतात.

बाहेर काढणं

एच.२६४, १०८०पी, २५ फ्रेम, १६ एमबीपीएस. आवाज एएसी, ४८ किलोहर्ट्झ. ७५ सेकंदांची फाइल १५० एमबीच्या आसपास येते. आवाजाची सरासरी −१४ एलयूएफएस (कानाला जाणवणाऱ्या मोठेपणाचं माप) आणि शिखर −१ डीबीच्या खाली. यूट्यूब यापेक्षा मोठा आवाज स्वतःच खाली ओढतं, त्यामुळे सगळं कर्कश करून काही मिळत नाही. अंधारी चित्रं यूट्यूबवर चौकोनी ठोकळ्यांत फुटतात. तीच फाइल फोरकेला मोठी करून चढवली तर बरीच सुधारते. व्हॉट्सॲपवर पाठवताना व्हिडिओ म्हणून नव्हे, डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

कॉलेजच्या हॉलसाठी वेगळी प्रत काढा. प्रोजेक्टरवर काळा रंग राखाडी होतो, आणि खिडक्यांना पडदे नसतील तर चौथी सावली दिसणारच नाही. त्या प्रतीत रस्त्याचा उजळ भाग अजून उजळ करा, म्हणजे सावल्यांशी फरक वाढेल. आदल्या दिवशी त्याच हॉलमध्ये, त्याच वेळेला, शेवटच्या रांगेत बसून एकदा पाहा. मावशीचा आवाज तिथपर्यंत पोहोचत नसेल तर फक्त तेवढं एक वाक्य ३ डीबी वर उचला आणि फाइल पुन्हा काढा.